लकवा झालेला माणूस कसा दिसायला हवा

"लेफ्ट एमसीए इन्फार्क्ट," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅनची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती आणि तिथला मेंदूचा भाग रक्तावाचून मेला होता. डावा मेंदू उजवं अंग चालवतो. म्हणून माझा उजवा हात, उजवा पाय आणि जीभ असं तिन्ही एकदम गेलं. आमच्याकडे याला लकवा म्हणतात.

मला ऐकू येत होतं, समजतही होतं. बोलता तेवढं येत नव्हतं. बाईंनी माझ्या बायकोला, सिंधूला, विचारलं की हे असं कधीपासून आहे. सिंधू म्हणाली, सकाळपासून. तोवर बाहेर दिवे लागले होते. बाईंनी फिल्म खाली ठेवली आणि म्हणाल्या, "विंडो पीरियड गेला." म्हणजे गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, ते पहिल्या चार-साडेचार तासांतच देता येतं. आमचे तास मांडवात गेले होते.

मी वसंत, आचारी. लग्नाचे, बारशाचे, तेरवीचे स्वयंपाक करायचो, सिंधू हाताखाली असायची. त्या दिवशी लग्नाच्या भट्टीवर झारा हातातून पडला आणि तोंड वाकडं झालं. सोबतचे म्हणाले, ऊन लागलं. नागपूरच्या उन्हाळ्यात माणूस पडला की त्याला ऊनच लागलेलं असतं, दुसरं काही लागूच शकत नाही. मला सावलीत निजवलं, तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं. ते पन्हं ओठाच्या एका कोपऱ्यातून सदऱ्यावर गळत होतं, आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही. सिंधू "दवाखान्यात नेऊ" म्हणत राहिली, तिला सगळे म्हणत राहिले, थांबा वहिनी, पंगती उठू द्या.

हे वाचणाऱ्याला एकच सांगतो. तुमच्या समोर कोणाचं तोंड एका बाजूला ओघळलं, हात वर राहीना, शब्द लटपटले, तर कांदा शोधू नका. गाडी शोधा.

वॉर्डाबद्दल चांगलं लिहावं असं वाटतं, पण खोटं लिहवत नाही. नर्सबाई एकटी आणि पेशंट खाटेवर, खाटेखाली, व्हरांड्यात. फिनाइलचा, लघवीचा आणि कोणीतरी आणलेल्या मटणाच्या डब्याचा असा एकत्र वास. जिन्याच्या कोपऱ्यात तंबाखूच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या. माझ्या नाकात रबरी नळी, खाली लघवीची पिशवी, आणि मी, ज्याला कढईच्या काठावर जळका थर दिसला तरी राग यायचा, तो तिथे पडून. उमरेडहून आमचे नातेवाईक आले. आमचं घराणं विणकरांचं, माणसं मायाळू आहेत. त्यांनी मायेनेच कबुतराचं रक्त चोळायचा सल्ला दिला. एकाने कबूतर पिशवीतून आणलंही होतं. सिंधूने त्याला पिशवीसकट बाहेर काढलं. मला बोलता आलं असतं तर मी जास्त बोललो असतो.

पाय थोडा परतला. बोलणं परतलं, जड पण कळेल असं. हात परतला नाही.

दवाखान्यातून सुटी व्हायच्या आधी फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. या बाईंचं नाव इथे लिहीत नाही, पण माझ्या अख्ख्या आजारपणात ज्यांच्याकडे पाहून शिसारी आली नाही अशा मोजक्या माणसांपैकी त्या एक. त्यांनी मला सोप्या भाषेत न्यूरोप्लास्टिसिटी सांगितली. मेलेला मेंदू जिवंत होत नाही, पण शेजारचा मेंदू त्याचं काम शिकू शकतो. मात्र हे शिकणं मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत होतं. "घरी रोज करा आणि एक दिवसाआड इथे या," त्या म्हणाल्या. "हाताची मशीन इथेच आहे. आत्ता सोडलंत तर बोटं आखडतील, मग मला काही करता येणार नाही."

मी आचारी आहे. मला त्या हाताने परत झारा धरायचा होता. एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी एक दिवसाआड ऑटोने शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं. सिटीबसच्या पायऱ्या मला चढता येत नव्हत्या.

इथून दुसरा आजार सुरू झाला.

सिंधूने अपंगाच्या दाखल्याचं विचारलं. त्यावर पेन्शन, सवलती, महापालिकेची मदत, सगळं मिळतं असं तिने ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ता नाही. हात अजून सुधारू शकतो, कायमचं अपंगत्व किती टक्के ते काही महिन्यांनंतर डॉक्टरांचं बोर्ड ठरवेल. हे मला पटलं. डॉक्टर बरोबरच बोलत होते. पण तोवर खायचं काय आणि ऑटोवाल्याला द्यायचं काय, हे कोणत्या बोर्डाला विचारायचं? दोघांचं काम एकाच कढईवर होतं. माझा हात गेला तसं तिचंही काम गेलं.

तेव्हा दवाखान्यातल्या समाजसेवा विभागाच्या बाईंनी सांगितलं की सरकारच्या निराधार योजनेत पक्षाघाताचे रुग्णही बसतात. पक्षाघात म्हणजे लकवाच. त्याला अपंगाच्या दाखल्याची वाट पाहायची गरज नाही. आजार आहे असा सरकारी डॉक्टरांचा कागद, उत्पन्नाचा दाखला आणि घरी येऊन चौकशी, एवढ्यावर दर महिन्याला बँकेत पैसे येतात. हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी माहीत करून घ्यावं. आम्हाला ते नशिबाने कळलं, कारण त्या दिवशी सिंधू चुकून दुसऱ्याच खोलीत शिरली होती.

तहसील कार्यालयातलं सांगत बसलो तर वहीच भरेल. ही खिडकी नाही ती, आज साहेब मीटिंगला, आज सर्व्हर डाउन, हा फोटो चालत नाही. मला भिंतीला टेकवून सिंधू रांगेत उभी राहायची. एकदा एक शिपाई मला म्हणाला, काका, दारात नका बसू, लोकांची वाट अडते. मीही त्या लोकांतलाच होतो, पण ते सांगेपर्यंत माझी जीभ वळायची नाही. अर्ज एकदाचा घेतला. म्हणाले, तलाठी घरी येऊन परिस्थिती पाहतील.

आता जे झालं ते नीट सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं.

तलाठी उद्या येणार असा निरोप आला तशी सिंधूने घर झाडायला काढलं. शेजारच्या लताबाई धावत आल्या. लताबाई म्हणजे आमच्या गल्लीतलं कोणतंही कार्य ज्यांच्याशिवाय होत नाही अशी बाई. त्यांनी आपल्या घरच्या खुर्च्या आणल्या, स्टँडचा पंखा आणला, टेबलावर टाकायला क्रोशाचं कापड आणलं. सरकारी माणूस घरी येऊन राहिला, म्हणाल्या, त्याले का चटईवर बसवता? सकाळी सिंधूने माझी दाढी केली, आंघोळ घातली आणि मुलीच्या लग्नातला पांढरा बुशशर्ट चढवला. साहेबासमोर गबाळं बसायचं नसतं हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. आम्हा दोघांच्याही डोक्यात एवढंच होतं की माणूस यायचा आहे.

आणि तो आला बरोबर जेवणाच्या वेळेला.

आचाऱ्याच्या घरी माणूस जेवणाच्या वेळेला येतो आणि तसाच जातो, असं कधी झालेलं नाही. माझ्या बापाच्या वेळी नाही, माझ्या वेळी नाही. सिंधूने गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे सोडलेला भात, केला होता. डाळ लताबाईंची, तेल लताबाईंचं. मी खाटेवरून जड जिभेने सांगत होतो, गोळे भातात कधी सोडायचे, हिंगाची फोडणी किती तापवायची. लकव्यानंतर पहिल्यांदा मी त्या घरात काहीतरी केलं होतं. तलाठी आधी नाही म्हणाला, मग बसला. पंख्याची हवा घेत जेवला. भातावर फोडणीचं तेल पुन्हा मागून घेतलं. "वहिनी, असा गोळाभात माझ्या आजीनंतर आज खाल्ला," म्हणाला. हात धुतले, मला "काळजी घ्या" म्हणाला, फोटो काढले आणि गेला. आम्ही तिघंही खुश होतो. किती छान माणूस, असं लताबाई म्हणाल्या.

अर्ज नामंजूर झाला. खिडकीतल्या बाईने शेरा वाचून दाखवला: कुटुंबाची परिस्थिती समाधानकारक आहे.

सिंधूला वाटलं तिने चुकीचं ऐकलं, म्हणून तिने पुन्हा वाचायला लावलं. बाईने पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. मला त्या क्षणी त्या गोळाभाताची ओकारी आली. आमच्या घरात जेवून, ढेकर देऊन, लताबाईंच्या खुर्चीवर बसून त्याने आम्हाला समाधानकारक केलं होतं. ज्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट आहे त्याला लकवा कसा होईल? ज्याच्या घरी हिंग आहे तो निराधार कसा?

पुन्हा अर्ज, पुन्हा तेच कागद. तोवर सिंधूने दोन घरच्या पोळ्या धरल्या. सकाळी ती जायची, मी भिंतीकडे पाहत पडायचो. मशीनला एक दिवसाआड जाणं आठवड्यातून एकदावर आलं, मग तेही बंद पडलं. ती दमून आली की रात्री माझी बोटं एकेक करून उघडायची. सकाळपर्यंत मूठ पुन्हा बंद. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. स्नायूंना मेंदूकडून "सोड" असा निरोप पोचत नाही, म्हणून ते आवळूनच राहतात. पुढे नखं तळव्यात रुतायला लागली. मुठीच्या आत घाम साचून वास यायचा. माझ्याच हाताला मी नाक लावू शकत नव्हतो.

तहसीलच्या आवारात कडुनिंबाखाली एक एजंट टेबल टाकून बसतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सिंधूला विचारलं की यांची दाढी कोण करते. मग त्याने आम्हाला शिकवलं. दाढी वाढवा. आंघोळ घालू नका. घर रिकामं करा, गॅस झाका. लाळ गळत असेल तर पुसू नका, फोटोत दिसते. हे सगळं तो चहा पिता पिता सांगत होता, सरळ, जसं मी एखाद्याला मसाला सांगेन तसं. मग त्याने माझी मूठ हातात घेऊन उघडून पाहिली, उघडली नाही.

"बेस्ट," तो म्हणाला. "बोर्डासमोर ह्याचीच टक्केवारी भेटते. आता व्यायाम-गियाम काही करू नका, काका."

मला आयुष्यात इतकी घीण कशाची आली नाही. त्या एजंटची नाही, त्याचा तो धंदा आहे. घीण याची आली की तो खरं बोलत होता. हात सुधारला तर पेन्शन जाते, हात कुजला तर मिळते. आणि पैसे नाहीत म्हणून तो कुजतच चालला होता. मी डाव्या हाताने माझी मूठ त्याच्या हातातून काढून घेतली. सिंधूने व्यायाम थांबवला नाही, हे इथे लिहून ठेवतो. घर मात्र तिने रिकामं केलं.

चौकशीच्या दिवशी आमची भांडीसुद्धा लताबाईंकडे गेली. लताबाई डोळ्याला पदर लावून एकेक नेत होत्या, कारण मागच्या वेळच्या खुर्च्या त्यांना खात होत्या. मला सिंधूने आदल्या दिवसापासून आंघोळ घातली नव्हती. वाढवलेली दाढी खाजत होती. चटईवर मळका बनियन घालून मी बसलो. नाटक तरी कसलं? फक्त जे रोज पुसून घ्यायचो ते पुसलं नव्हतं.

आला तोच तलाठी. पुन्हा दुपारची वेळ, पुन्हा मरणाचं ऊन. दारातच थबकला. खुर्ची शोधली, नव्हती. मग उभ्यानेच विचारायला लागला. त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता, ओठ सुकलेले. सिंधू माठाच्या बाजूला भिंतीसारखी उभी. त्याने माठाकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि ती हलली नाही.

"मागच्या वेळी तर खुर्च्या होत्या," तो हळू बोलला.

"शेजारच्या होत्या," सिंधू म्हणाली. "तुम्ही येऊन राहिले होते म्हणून मांगून आणल्या होत्या."

त्याने रुमालाने घाम पुसला. मग म्हणाला, "वहिनी, मले सांगायचं ना. मी जे दिसलं ते लिहिलं."

त्याचंही खोटं नव्हतं. पण ज्याच्या पानात वाढतोय त्याला कोण सांगतं, की हे पान उसनं आहे? त्याने फोटो काढले, यावेळी माझ्या मुठीचा जवळून काढला, आणि गेला. तो गल्लीच्या वळणाला पोचेपर्यंत सिंधू तशीच उभी होती. मग खाली बसली.

"अहो, मी त्याले पाणीही नाही विचारलं," ती म्हणाली, आणि जी रडली, तशी ती मी दवाखान्यात पडलो तेव्हाही रडली नव्हती.

अर्ज मंजूर झाला. यावेळी काय शेरा मारला ते आम्ही विचारलं नाही. पैसे बँकेत यायला लागले, आणि पहिल्या दिवशी आम्ही ऑटो करून मॅडमकडे गेलो. उपकार मानायचे तर मानतो. त्या पैशांनी ऑटो झाला, औषध झालं, सिंधूने एक घर सोडलं. मिळालं नसतं तर काय झालं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा कोणी म्हणत असेल की लाज वाटते, तर लाज गिळा आणि अर्ज करा. आणि तलाठी येईल तेव्हा घर जसं आहे तसं ठेवा, ना सजवून ना उघडं करून, आणि कोणाच्या वस्तू उसन्या आणू नका. आम्ही दोन्हीही करून पाहिलं. दोन्हींची चव अजून तोंडात आहे.

मॅडमनी मूठ हळूहळू उघडली. बोटांचे सांधे दाबून पाहिले. त्या आम्हाला रागावल्या नाहीत, इतके दिवस कुठे होता हेही त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. "मशीन लावू," एवढंच म्हणाल्या. पुढे महिनाभर त्यांनी जीव तोडून मेहनत घेतली. खांदा थोडा उचलायला लागला. बोटं आली नाहीत.

मग बोर्डाची तारीख आली. एका खोलीत डॉक्टर, बाहेर बाकांवर आम्ही सगळे, कोणी कुबडीवर, कोणी कोणाच्या खांद्यावर. शेजारी बसलेल्या माणसाने मला विचारलं, तुम्हाला किती टक्के मिळतील असं वाटतं? परीक्षेच्या दिवशी पोरं विचारतात तसं.

आत डॉक्टरांनी सांगितलं, हात वर करा. एजंटने काय शिकवलं होतं ते मला आठवत होतं, सिंधूलाही आठवत असणार, ती खाली पाहत होती. मी हात उचलला. जेवढा उचलता येत होता तेवढा जीव लावून उचलला, कपाळावर घाम आला. छातीपर्यंत आला आणि पडला. बोटं उघडा म्हणाले. मी प्रयत्न केला. डॉक्टरांनी काहीतरी मोजलं, एकमेकांत बोलले. मग त्यांच्यातले वयस्कर डॉक्टर माझ्याकडे वळून बोलले, आणि चांगल्या आवाजात बोलले.

"यापुढे या हातात फार सुधारणा होईल असं मला वाटत नाही. मी कायमस्वरूपी लिहितोय."

सिंधूने सुटकेचा श्वास सोडला. मी तो ऐकला, कारण तसाच श्वास माझाही सुटला होता. झालं एकदाचं. आता अपंगाची पेन्शन लागेल, सवलत लागेल, परत परत कोणी घरात येऊन पाहणार नाही. आम्ही दोघं बाहेर आलो ते हसतच. पायऱ्या उतरताना ती म्हणाली की देव पावला. मी मान डोलावून "हाव" म्हणालो.

गल्लीत लताबाई वाट पाहतच होत्या. बातमी ऐकली तशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि पेढे घेऊन आल्या. आधी देवाजवळ ठेवले, मग दारोदार वाटत सुटल्या, कारण आमच्याकडे काम झालं की तोंड गोड करायचं असतं. शेजारचे दारात येऊन विचारत होते, कशाचे पेढे? लताबाई सांगत होत्या, वसंतभाऊचा हात कायमचा गेला म्हणून सर्टिफिकेट भेटलं. लोक म्हणत होते, चला, बरं झालं. सिंधूही हसत होती, कित्येक महिन्यांनी. तिने एक पेढा माझ्या तोंडाजवळ धरला.

मला तो थुंकून टाकायचा होता. पण ती माझ्याकडे पाहत होती, म्हणून मी तो गिळला, आणि म्हणालो, गोड आहे.